कारागिराचे मूल सांभाळायचे कोणी?

कापडाच्या धंद्यात भाडे, हमाली, शिलाई, व्याज सगळे वहीत चढते. मूल सांभाळण्याचा खर्च मात्र कोणाच्याच वहीत नाही. वाशीम, कारंजा, मंगरूळपीरच्या मोहल्ल्यांत परकर, गाऊन, शाळेचे गणवेश घरोघरी शिवले जातात. नवरा हमालीला किंवा हातगाडीवर, बायको मशीनवर. एकाच्या कमाईत घर भागत नाही. मजुरी नगावर असते. मूल रडले की मशीन थांबते, तिची मजुरी बुडते आणि आपला मालही अडतो. खासगी पाळणाघराची फी तिला झेपत नाही. मग दहा-अकरा वर्षांच्या थोरल्या मुलीला शाळेतून काढून घरी बसवतात. दुसऱ्यांच्या मुलांचे गणवेश जिथे शिवले जातात, त्याच घरातली मुलगी शाळेत नसते.

कोणी म्हणेल, अंगणवाडी आहे ना? १९७५ पासून आहे. पण ती काही तासांची. तीन वर्षांखालच्या मुलाला आहार मिळतो, दिवसभराचा सांभाळ नाही. २०२२ पासून केंद्राच्या 'पालना' योजनेत अंगणवाडीला जोडून ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर काढता येते. पण ते प्रत्येक मोहल्ल्यात नाही.

कायद्याने ५० कामगारांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे आहे. आपल्याकडे चार-पाच मशीनांचे काम, म्हणून आपण त्यातून सुटतो. परंतु २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अनेक आस्थापनांनी मिळून एक पाळणाघर चालवण्याची सोय आहे. सक्ती नसली तरी ही वाट आपण धरू शकतो. अहमदाबादेत 'सेवा' संघटनेच्या कष्टकरी बायांनी 'संगिनी' ही सहकारी संस्था काढून पाळणाघरे चालवून दाखवली आहेत.

हिशेब सोपा आहे. ३० दुकानदारांनी महिना ५०० रुपये दिले तर १५,००० होतात. मोहल्ल्यातल्याच दोन जाणत्या बायांचा पगार त्यातून निघेल. दूध-खाऊसाठी आयांनी झेपेल तेवढे द्यावे. शादीखान्याची एखादी खोली बिनभाड्याने मिळावी. सोबतच 'पालना'साठी महिला व बालविकास विभागाकडे अर्ज करावा.

व्यापारी बंधूंनो, याला खैरात समजू नका. माल वेळेवर हवा असेल तर हा धंद्याचाच खर्च आहे. गणवेशाचे काम उन्हाळ्यात सुरू होते. त्याआधी प्रत्येक गावच्या कापड व्यापाऱ्यांनी एक बैठक घ्यावी आणि एका खोलीपासून सुरुवात करावी.