जी-सी-ई-ए ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे

मंडळी, आज जरा भांडायच्या मूडमध्ये आहे. विषय युकुलेले. त्यातही सगळ्यात ओळखीचं धाकटं, सोप्रानो. घरी येणारा प्रत्येक पाहुणा ज्याच्याकडे बघून "मुलाचं का?" असं विचारतो, ते.

नवशिक्याला तीन सल्ले हमखास मिळतात. ट्यूनिंग म्हणजे जी-सी-ई-ए, त्याला हात लावायचा नाही. आवाज पातळ वाटतोय? लो जी लाव. तरी समाधान नाही? मग टेनर घे. तिन्ही सल्ले मला मान्य नाहीत. तिसऱ्यात तर फायदा फक्त दुकानदाराचा! लहानगं जातं कपाटावर, बॅडमिंटनच्या रॅकेटशेजारी, आणि माणूस समजून चालतो की आपल्यालाच कान नाही. दोष बहुतेक वेळा चार सैल तारांचा असतो हो.

गणित शाळेतलंच आहे. लांबी आणि कंपनसंख्या यांच्या गुणाकाराचा वर्ग करा, ताण त्या प्रमाणात बदलतो. सोप्रानोची तार साधारण ३४.५ सेंमी, कॉन्सर्टची ३८. तीच तार त्याच स्वरावर लावली तर सोप्रानोवर ताण सुमारे १८ टक्के कमी पडतो. आणि बऱ्याच कंपन्या दोघांसाठी एकच पाकीट विकतात. थोरल्याच्या मापाचा शर्ट धाकट्याला घातला की लोंबणारच. तार लिबलिबते, जरा जोरात दाबली की स्वर चढतो, सीची जाड तार तर "ठप्प" बोलते.

उपाय फुकट आहे. सगळं दोन पडद्यांनी चढवा: ए-डी-एफ शार्प-बी. ताण २६ टक्के वाढतो आणि वाद्य एकदम जागं होतं. (पहिले काही दिवस तारा ताणल्या जाऊन उतरत राहतात, चिडू नका.) हे माझं संशोधन नाही. १८७९ साली 'रेवन्सक्रॅग' जहाजातून मडीराचे लोक होनोलुलूला उतरले, त्यांच्या मशेत नावाच्या छोट्या वाद्यापासून युकुलेले घडलं. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेला त्याचं वेड लागलं, आणि त्या जमान्यात ए-डी-एफ शार्प-बी सर्रास चालायचं. आज ज्याला 'पर्यायी' म्हणून नाक मुरडतात ते एके काळचं डिफॉल्ट होतं. डिफॉल्ट म्हणजे कोणीतरी आधी भरून ठेवलेली किंमत. आपण सॉफ्टवेअरवाल्यांनी तरी तिला देव मानू नये.

"पण मग कॉर्ड्स बदलतात ना!" नाही बदलत. बोटं तिथेच, फक्त सीच्या आकाराला डी म्हणायचं. सोबत गिटारवाला मित्र असेल तर त्याने दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावावा, संपलं. मला गंमत वाटते ती हा आक्षेप मराठी घरातून येतो तेव्हा. काळी एक, पांढरी चार असं ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे सा ठरवणारे आपण! युकुलेले म्हणजे प-सा-ग-ध. जी-सी-ई-एमध्ये सा पांढरी एकवर आहे, तो पांढरी दोनवर नेला. गायकाने सा बदलला म्हणून तानपुरेवाला "माझ्या पुस्तकात असं नाही" म्हणतो का कधी?

आता लो जी. हौस असेल तर टेनरवर जरूर लावा. पण तीच तार एक सप्तक उतरवली तर ताण चौथाईवर येतो. ताण कायम ठेवायचा तर त्याच मटेरियलची तार दुप्पट जाड लागते. ती खाचेत बसत नाही, मग खाच कोरा. किंवा गुंडाळलेली तार लावा आणि बोट सरकलं की तिची कुरकुर ऐका. शिवाय चौथी तार उंच असणं हीच या वाद्याची खोडी आहे. खालचा खर्ज हवा असेल तर गिटार आहे की जगात.

तारा निवडताना माझं मत फ्लुओरोकार्बनला. नायलॉनची घनता सुमारे १.१५, याची १.७८, म्हणजे त्याच ताणाला आणि त्याच स्वराला तार पाचव्या हिश्श्याने बारीक. ती ठप्प सीची तार यानेच सुधारते. नायलॉन ओलावा पितं, हे जवळजवळ पीत नाही, मुंबईच्या जुलैत फरक कळतो. नायलगट मधलं: जुन्या आतड्याच्या तारांसारखी घनता, आवाज मोठा, थोडा उद्धट. मला रोज नको, पण गच्चीवर चार जण गात असतील तर तेच हवं. पाकीट हलक्या गेजचं बघा. आणि स्टीलच्या तारा कृपया नकोत, घोडी उखडून हातात येते.

अजून एक. डीवर चढवल्यानंतर पहिली तार बीवरून एवर आणा. ए-डी-एफ शार्प-ए, म्हणजे प-सा-ग-प. नुसता हात फिरवला की कॉर्ड वाजते, स्लॅक-कीवाले हवाईयन गिटारवर अशाच उघड्या कॉर्डवर वाजवतात. हेच खालून, जी-सी-ई-एवरून केलं तर पहिली तार अजून २१ टक्के सैल पडते. वरून उतरलात तर ती आपल्या नेहमीच्या एवरच येऊन थांबते.