काट्यापेक्षा फीत जास्त बोलते




लठ्ठपणा आणि हृदयविकार हे मुंबई-पुण्याचे दुखणे, आपली वऱ्हाडी माणसे मुळातच किडकिडीत, असा दावा करणारे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. तो दावा काही पटला नाही; किडकिडीत दिसणाऱ्या अंगातही चरबी लपलेली असू शकते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये चक्क स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! याज्ञिकांचे मूळ काम बंगल्यांतले नव्हे, पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायांवरचे, १९९३पासूनचे. तिथली बाळे इंग्लंडच्या बाळांहून बरीच हलकी जन्मली. स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने राखून.

म्हणून तर भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर धरतात. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातही हार्ट अटॅकशी बीएमआयपेक्षा कंबर-नितंबांच्या प्रमाणाचा संबंध अधिक घट्ट दिसला.

पत्रलेखकांनी संध्याकाळी अकोल्याच्या जय हिंद चौकात यावे. हातपाय काटक्यांसारखे आणि शर्टाची बटणे पोटावर ताणलेली, अशी मंडळी कचोरीच्या गाडीवर हमखास भेटतील. (कचोरीशी माझे वैर नाही.) वावरात राबणारा किडकिडीत असतो, हे त्यांचे म्हणणे खरे आहे; पण राबणे सुटले अन् ताटातले तेल तेवढेच राहिले, अशी घरे आमच्याकडे आता कमी नाहीत.

– एक वाचक, जुने शहर, अकोला