पाकिटावरचा ४५१

गेल्या आठवड्यात खालाजाननी सोललेल्या कोळंबीचं गोठवलेलं पाकीट आणलं. अर्धा किलोचं पाकीट, कढईत पाणी सुटून मूठभर उरली. पाकीट माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "बघ गं, हे आयएनएस ४५१ काय असतं? मोबाइलवरच्या यादीत याला हराम म्हटलंय."

ते सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट. पांढरी, बिनवासाची, पाण्यात विरघळणारी पूड. खाणीतल्या फॉस्फेटच्या खडकापासून (आपल्या देशात उदयपूरजवळ झामरकोटडा इथे अशी मोठी खाण आहे) आम्ल करतात, त्यात सोडा मिसळून तापवतात. म्हणजे मूळ दगड. हाडांपासून करतात ते बोन फॉस्फेट, क्रमांक ५४२. तिथे जनावर कोणतं, हलाल पद्धतीने जिबह झालं का, हे विचारायलाच हवं. फतवा देणं माझं काम नाही, ते आलिमांना विचारा. पण ४५१ला ५४२ समजू नका.

ही पूड कपडे धुण्याच्या पावडरीतही घालतात. बोअरच्या पाण्याला (पुस्तकी भाषेत दुष्फेन) फेस येऊ न देणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम ती धरून ठेवते. तेच सांडपाणी तळ्यात गेलं की शेवाळ माजतं, म्हणून अनेक देशांनी त्यावर बंधनं घातली.

कोळंबी तिच्या द्रावणात भिजवली की मांसातली प्रथिनं फुगून पाणी धरतात. बर्फ वितळताना रस गळत नाही, हा फायदा खरा आणि ठरलेल्या मर्यादेत वापराला परवानगीही आहे. जास्त भिजवली, वर बर्फाचा जाड थर चढवला, की आपण कोळंबीच्या भावाने पाणी घेतो. मापातली खोट आणखी कशाला म्हणायचं?

मला मात्र काळजी खालूजानची वाटली. त्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. निरोगी मूत्रपिंड जास्तीचं फॉस्फेट लघवीतून टाकून देतं, त्यांचं टाकू शकत नाही. रक्तात ते साठलं की अंगाला खाज सुटते, हाडं कमजोर होतात, रक्तवाहिन्या कडक होतात. डाळीतला फॉस्फरस शरीरात पुरता शोषला जात नाही, वरून मिसळलेला मात्र बहुतेक सगळा शोषला जातो. घरात दूध, पनीर, सुका मेवा मोजून देतात, पण नगेट, चीज स्प्रेड, कोला यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. अशा रुग्णाच्या घरी ३३८ ते ३४३ आणि ४५० ते ४५२ हे क्रमांक पाकिटावर शोधा, आणि दिसले तर डॉक्टरांना दाखवा. कोळंबी ताजी, कोळिणीकडून घ्या.

खालाजान गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "काल रात्री त्यांनी नगेट खाल्ले."

कचऱ्यातून पाकीट काढून वाचलं. ४५१ होता, शेजारी ४५०ही.