त्या कप्प्यात कुणाची मुलं?



आमच्या गावच्या श्टाटबिब्लिओथेकमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या ग्रंथालयात, टीनएजर मुलांसाठी वेगळा कोपरा आहे. बीनबॅग, कॉमिक्स, गेम्स, सगळं छान. माझ्या चौदा वर्षांच्या लेकीला शाळेत भारतावर काही सादर करायचं होतं, म्हणून आम्ही तिथे भारतातल्या मुलांच्या गोष्टी शोधल्या. तीन मिळाल्या. एकीत गालिचे विणणारा मुलगा, दुसरीत बालविवाहातून पळालेली मुलगी, तिसरीत मुंबईच्या झोपडपट्टीतला कचरा वेचणारा. तिन्ही वाचून झाल्यावर लेक म्हणाली, "बाबा, यातलं कुणीच कुणाशी भांडत नाही. सगळे नुसते सोसतात."

मी तावातावाने काउंटरवर गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे 'आन्शाफुंग्सफोरश्लाग'चा फॉर्म हातात ठेवला आणि म्हणाल्या, यादी द्या. पुस्तक विकत घ्या असं सुचवण्याचा हा कागद इथल्या बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत मिळतो. आपल्यापैकी किती जणांनी तो भरलाय? छोटी ग्रंथालयं बरीचशी खरेदी रॉइटलिंगेनच्या 'एकत्सेट' या पुरवठादार संस्थेकडून आलेली परीक्षणं आणि याद्या पाहून करतात. भारतातल्या एखाद्या छोट्या प्रकाशकाचं पुस्तक त्या वाटेने आपसूक येण्याची शक्यता फार कमी. कुणीतरी मागावं लागतं. वाचकाने बोलून काय होतं, असं वाटत असेल तर 'दी क्लाइने हेक्से' आठवा. मुलीला ते वाचून दाखवताना एका आफ्रिकी वंशाच्या वडिलांना त्यातला वर्णद्वेषी शब्द खटकला, त्यांनी प्रकाशकाला पत्र लिहिलं, आणि 2013 मध्ये तो शब्द काढायचं ठरलं. देशभर केवढा गदारोळ झाला तेव्हा!

तर यादी. एका रविवारी आम्ही चार घरं चहाला जमलो. तासाभरात अठरा नावं झाली. फास्टर फेणे, गोट्या, श्यामची आई यांची भाषांतरं मिळतात का ते पाहू, शिवरायांचं एखादं चरित्र, एक पंचतंत्र. नांदेडकडची एक मैत्रीण उशिरा आली. तिने यादी वाचली आणि विचारलं, "हे तुमचं बालपण झालं. माझं कुठे आहे?"

कुणी काही बोललं नाही. मग तिनेच सांगितलं. तिच्या मुलाच्या वर्गात हिंदू धर्माच्या धड्यात जातिव्यवस्थेचा पिरॅमिड शिकवला, आणि मधल्या सुट्टीत एका मुलाने त्याला विचारलं, तू कितव्या मजल्यावर? पोराने घरी येऊन आईला तोच प्रश्न विचारला. आईबापांनी त्याला कधी काही सांगितलं नव्हतं. इथे तरी ते नको, म्हणून.

लगेच एक आक्षेप आला, आणि तो मला अजूनही सोपा वाटत नाही. "जर्मनांना आधीच भारत म्हणजे गरिबी आणि अत्याचार वाटतो. तेच चित्र आपण हाताने पुरवायचं?" म्हणजे मी काउंटरवर केलेलीच तक्रार. पण लेकीचं वाक्य नीट ऐकलं तर तिची तक्रार दुःखाबद्दल नव्हती. त्या मुलांना स्वतःचा आवाज नव्हता, ही तिची तक्रार होती. 'कोल्हाट्याचं पोर'मधल्या किशोर काळे यांना, 'आयदान'मधल्या उर्मिला पवारांना आवाज आहे, राग आहे, विनोदही आहे. ही दोन्ही पुस्तकं इंग्रजीत आहेत, आणि इथली सोळा वर्षांची मुलं इंग्रजी सहज वाचतात. प्रतिमेची काळजी करून आपण पुस्तकं गाळायला लागलो, तर त्या गालिचेवाल्या पुस्तकाच्या लेखकापेक्षा आपण वेगळं काय केलं? त्याने आवाज काढून घेतला, आपण माणूसच काढून टाकला.

पुस्तक योग्य वयात हाती पडण्याचं महत्त्व मराठी माणसाला तरी सांगायला नको. शाळकरी भीमरावाला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं. त्याचा आपल्यावर काय परिणाम झाला, हे बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदवलं आहे.

यादी आम्ही पुन्हा केली, आणि या वेळी मुलांना टेबलाशी बसवलं. इथे तशी रीत आहेच. जर्मन युवा साहित्य पुरस्कारात 2003 पासून तरुण वाचकांची वेगळी ज्युरी असते, आणि 2018 मध्ये त्या मुलांनी अँजी थॉमसच्या 'द हेट यू गिव्ह'ला निवडलं. पोलिसाच्या गोळीने मित्र गमावलेल्या काळ्या मुलीची गोष्ट.

आमच्या मुलांनी श्यामची आई उडवली (मी जोरदार भांडलो, हरलो). फेणे राहिला. गोंड चित्रशैलीतली आंबेडकरांची चित्रकथा 'भीमायन' आली. खाणीविरुद्ध उभ्या राहणाऱ्या गोंड मुलाची, सिद्धार्थ सर्मांची 'इयर ऑफ द वीड्स' आली. हिमांजली संकर यांची 'टॉकिंग ऑफ मुस्कान' आली. तिची नायिका समलिंगी आहे, आणि ते नाव आलं तेव्हा दोन पालक उठून चहा गरम करायला गेले. मुसलमान मुलाची आम्हा सगळ्यांना मनापासून आवडलेली एकही मराठी गोष्ट आम्हाला सुचली नाही. ती जागा यादीत रिकामी ठेवून तसंच लिहून दिलं. कुणाला सुचली तर जरूर कळवा.

अकरा नावं दिली होती. चार घेतली गेली, बाकीची पुढच्या वर्षीच्या बजेटवर. इथली ग्रंथालयं नगरपालिकेच्या ऐच्छिक खर्चात येतात, पैसे कमी पडले की कात्री आधी तिथेच लागते. 'भीमायन' महिनाभर कप्प्यात दिसलंच नाही. कॅटलॉगमध्ये 'आउसगेलीएन', म्हणजे कुणीतरी घरी नेलेलं. लेकीला विचारलं तर म्हणाली, नांदेडवाल्या मावशींच्या घरी असेल, त्याने दोनदा मुदत वाढवून घेतलीय.