परतीच्या दिवसाचा हिशेब

सहलीचा शेवटचा दिवस सहसा सहलीत धरलाच जात नाही. बॅगांचे वजन, पासपोर्ट, उरलेले डॉलर आणि कोणासाठी काय घ्यायचे राहिले याची यादी, यातच तो सरतो. गेल्या जानेवारीत ताईबरोबर मलेशिया-सिंगापूरची सहल केली, तिचाही शेवटचा दिवस असाच ठरलेला होता. अकराला हॉटेल सोडायचे, बसने सय्यद अल्वी रस्त्यावरच्या मुस्तफा सेंटरला जायचे, चार तास खरेदी करायची आणि रात्री विमानात बसायचे.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आता अडुसष्टची. जिंतूरला दिलेली. भाऊजींना जाऊन सहा वर्षे झाली. निवृत्तीनंतर तिला एकदा परदेश दाखवावा असे माझ्या मनात होते. तिचा खर्च मी केला. पूर्णेत ही वार्ता पसरली तेव्हा मंदिराच्या ओट्यावर ‘भाऊ असावा तर असा’ असे चारचौघांत बोलले गेले, आणि खरे सांगायचे तर ते ऐकून मला बरे वाटले.

तिचे नियम कडक. देवदर्शनाशिवाय अन्न नाही, सूर्यास्तानंतर पाणीही नाही. निघण्यापूर्वी मला काळजी होती ती याचीच. परंतु सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर. तेथे बारा महिने सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सातच्याच सुमारास मावळतो. नियम पाळणाऱ्यांना एवढा सोयीचा देश विरळाच. ‘गार्डन्स बाय द बे’मधले ते अठरा लोखंडी महावृक्ष पावणेआठला संगीताच्या तालावर उजळू लागले, तेव्हा बाकीची मंडळी जेवण कधी मिळणार याची चौकशी करीत होती आणि ताई तृप्त मनाने वर पाहत उभी होती. दर्शनासाठी तिने नेमगिरीच्या पार्श्वनाथांचा तळहाताएवढा फोटो आणला होता. रोज सकाळी खोलीतल्या टेबलावरचा टेलिफोन बाजूला सारून त्या जागी तो ठेवला जाई.

शेवटच्या दिवशी नाश्त्यापूर्वी ती म्हणाली, “इथं आपलं मंदिर आहे म्हणे. मला खरेदी नको. तिथं घेऊन चल.”

जलान यासीन या निवासी गल्लीत सिंगापूरच्या जैन समाजाची वास्तू आहे. मुख्यतः गुजराती व्यापारी कुटुंबांनी ही संस्था उभी केली. श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी सारे एकाच छताखाली येतात. आपल्याकडे एका गावात तीन ट्रस्ट आणि त्यांचे चार दावे असतात, हे आठवून मी मनाशीच हसलो. दर्शन झाले. ताईने माळ पूर्ण केली आणि भिंतीला टेकून बसली. मी घड्याळ पाहत होतो. मुस्तफात नातवाची यादी बाकी होती.

“या सहलीचे माझे किती झाले?” तिने विचारले.

“ताई, बहिणीकडून कोणी पैसे घेतं का?”

“द्यायला विचारत नाही. किती झाले ते सांग.”

मी सांगितले. दीड लाखाला थोडे कमी. तिने मान हलवली आणि विचारले, “आणि दुकानाला आज किती येतात?”

क्वालालंपूरला असताना मुलाचा फोन आला होता. पूर्णेचे दुकान आणि वरचे घर विकून नांदेडला मोठी जागा घ्यावी, गिऱ्हाईक तयार आहे, असे तो म्हणत होता. ताई खिडकीशी बसून होती. तिने ऐकले असेल असे माझ्या ध्यानातही आले नाही.

येथे थोडे मागे जावे लागेल. आमचे वडील १९९८ साली गेले. कापडाचे दुकान आणि वरच्या खोल्या त्यांनी स्वतःच्या कमाईतून केलेल्या. मृत्युपत्र नव्हते. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६चा, तो आपणा जैनांनाही लागू आहे, आणि वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे त्या कायद्यात पहिल्यापासून आहे. पुष्कळांना वाटते की मुलींना हक्क २००५ साली मिळाला. त्या वर्षीची दुरुस्ती मुख्यतः वडिलोपार्जित एकत्र मिळकतीविषयी होती. म्हणजे आमच्या दुकानात आई, ताई आणि मी यांचा प्रत्येकी एक तृतीयांश. मला हे ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. बँकेत कर्जाची प्रकरणे तपासताना मीच शेरा मारीत असे : ‘बहिणींचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र जोडावे.’ ते जोडले की टायटल निर्वेध. त्या बहिणी कोण, त्यांना कोणी काय विचारले, हे पाहणे आमच्या तपासणीत बसत नव्हते.

१९९९च्या राखीपौर्णिमेला ताईला निरोप गेला की येतेस तेव्हा एक सही करायची आहे. मसुदा वकिलाचा, पण त्यातल्या चुका मी काढल्या होत्या. आईने सही केली, ताईने केली. घरी आल्यावर तिला भारी साडी दिली. मिळकत पत्रिकेवर माझे एकट्याचे नाव लागले.

हे सारे तेथे बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांपुढून गेले. मी म्हणालो, “ताई, तुझ्या वाट्याचं मी कधीही द्यायला तयार आहे.” बोलताना माझा आवाज मलाच कर्जदाराच्या आवाजासारखा वाटला.

“वाटा तेव्हाही मागितला नव्हता,” ती म्हणाली. “तू विचारलं असतंस तर तसाही सोडला असता. तुम्ही कोणी विचारलंच नाही. कागद पुढे आला, बोट ठेवलं तिथं मी सही केली. साडी अजून आहे. नेसले नाही कधी.”

मी काही बोललो नाही. ती पुढे म्हणाली, “जिंतूरचं घर मुलाचं, पूर्णेचं भावाचं. माझ्या नावावर काय, तर रेशनकार्ड. मला पैसे नकोत. दुकानावरची पूर्वेची खोली माझ्या नावावर कर. माहेरी आले की माझ्या खोलीत उतरेन. मी गेल्यावर तुझ्या नातीला दे.”

मुस्तफाला आम्ही शेवटचा पाऊण तास पोहोचलो. तिने पायाला लावायचा बाम घेतला, मी यादी उरकली. चांगी विमानतळावर पर्यटकांना खरेदीवरचा नऊ टक्के जीएसटी परत मिळतो. पासपोर्ट यंत्राला दाखवायचा, रांग मोठी असते. मी वीस मिनिटे उभा राहून चौदा डॉलर सोडवून आणले. ताई बाकावर बॅगा राखत बसली होती. “मिळाले?” तिने विचारले. मी “हो” म्हणालो.

विमानात मला झोप आली नाही. खोली द्यायची तर बक्षीसपत्र करावे लागेल, मुद्रांक शुल्क भरावे लागेल, ते सारे होईल. पण एक खोली दुसऱ्याच्या नावे असलेले घर घ्यायला गिऱ्हाईक उभे राहत नाही. राहिले तरी भाव पाडून मागते. हे मी तिला जलान यासीनलाच सांगू शकलो असतो. तिलाही ते कळत असणार. भाऊजींचे अडतीचे दुकान तिने दोन वर्षे एकटीने चालवले आहे.

मुंबईहून देवगिरी एक्सप्रेसने सकाळी पूर्णेला उतरलो. बॅगा उघडण्यापूर्वीच मी मुलाला सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “नांदेडवाल्याला काय सांगू?” आणि ताईकडे वळून, “आत्या, तुम्हाला खोली कशाला?”

“राहायला,” ताई म्हणाली.

त्या दिवशी त्याच्याशी आणखी काही बोलणे झाले नाही. नांदेडच्या गिऱ्हाइकाला अजून होकारही गेलेला नाही आणि नकारही. दुपारी जेवण झाल्यावर मी दुकानातली मोजपट्टी घेऊन वर गेलो. ताई आधीच येऊन बसली होती. तिने पट्टीचे एक टोक खिडकीखालच्या कोपऱ्यात दाबून धरले आणि मी दुसरे टोक घेऊन दारापर्यंत गेलो.