भीतीपोटी पाणी सोडणं म्हणजे तप नाही



आजचा विषय लघवीचा आहे. "तसला त्रास", "खालचं काहीतरी", "ते बायकांचं" असं न म्हणता सरळ शब्द लिहिला आहे, कारण हा शब्द तोंडातून निघत नाही म्हणूनच हा त्रास तीस-तीस वर्षं अंगावर काढला जातो. बाळंतपण झालं आणि त्यानंतर खोकलं, शिंकलं, मोठ्याने हसलं, पाण्याची कळशी उचलली की थोडी लघवी होते. काही जणींना पहिल्या मुलानंतर लगेच सुरू होतं, काहींना मध्ये बरं वाटतं आणि पाळी गेल्यावर पुन्हा डोकं वर काढतं. मग आपण त्याच्या सोयीने जगायला लागतो. गडद रंगाची साडी, स्वाध्यायात दाराजवळची जागा, प्रवासाच्या आदल्या दिवसापासून पाणी बंद.

मला हा त्रास दुसऱ्या बाळंतपणापासून होता. आता पुष्कळ कमी आहे, तो कसा कमी झाला ते पुढे सांगते. आधी मला आपल्यात या त्रासाबद्दल जी ठरावीक वाक्यं फिरतात त्यांच्याशी भांडायचं आहे. ती वाक्यं बाहेरचं कुणी बोलत नाही, आपणच एकमेकींना ऐकवतो.

पहिलं वाक्य: "अगं, सगळ्यांनाच होतं."

पुष्कळ जणींना होतं हे खरं. बाळंतपणानंतर साधारण तीनातल्या एकीला हा त्रास होतो असं डॉक्टर सांगतात. पण पुष्कळांना होतं म्हणून ते सोसायचंच, हे कुठलं गणित? म्हातारपणी मोतीबिंदूही पुष्कळांना होतो. तेव्हा आपण "सगळ्यांनाच होतं" म्हणून चाचपडत बसतो का? उलट ऑपरेशनची शिबिरं भरवतो आणि औषधदान म्हणून पावती फाडतो. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांतलं हे दान आपण दुसऱ्याला मोठ्या मनाने देतो. स्वतःच्या शरीराला मात्र द्यायचं नाही!

हे नेमकं होतं कशाने, ते समजून घ्या म्हणजे लाज निम्मी कमी होईल. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या तिघांना तिचा आधार असतो. नऊ महिने तिच्यावर भार पडतो आणि बाळ बाहेर येताना ती खूप ताणली जाते. बाळ वजनदार असेल, कळा फार वेळ द्याव्या लागल्या असतील, चिमटा लावावा लागला असेल तर जास्तच. सिझेरियनमध्ये धोका कमी असतो, पण अजिबात नसतो असं नाही, कारण भार तर नऊ महिने पडलेलाच असतो. झोळी सैल पडली की खोकल्याचा दाब आला तेव्हा लघवीचा मार्ग घट्ट बंद राहत नाही. यात कुणाचं पाप नाही, कुणाचा निष्काळजीपणा नाही. हात मोडल्यावर प्लॅस्टर काढलं की डॉक्टर हाताचा व्यायाम देतात ना? हा तसाच ताणलेला स्नायू आहे, फक्त दिसत नाही.

दुसरं वाक्य: "असाता वेदनीय कर्माचा उदय आहे, भोगायलाच हवा."

कर्मसिद्धांत मलाही मान्य आहे. पण ताप आला की आपण गोळी घेतो, गुडघा दुखला की पट्टा बांधतो, मधुमेहाची तपासणी करतो. तेव्हा कुणी उदय काढत नाही. मग फक्त बायकांच्या या दुखण्यालाच उदय का आठवतो? कर्माचा उदय येतो म्हणून पुरुषार्थ सोडायचा असं मी तरी कुठल्या स्वाध्यायात ऐकलं नाही. शिवाय सामायिकाला अठ्ठेचाळीस मिनिटं बसायचं आणि त्यातली चाळीस मिनिटं "आता खोकला आला तर?" याच काळजीत घालवायची, याला आपल्याकडे आर्तध्यान म्हणतात. उपचार केल्याने ते थांबणार असेल तर उपचार करणं हेच धर्माच्या जास्त जवळचं आहे.

तिसरं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं: "मी पाणीच कमी पिते, तेवढंच तप होतं."

मैत्रिणींनो, तप म्हणजे समजून-उमजून, नियम घेऊन केलेला त्याग. साडी ओली होईल या धास्तीने पाणी सोडलं तर ती धास्ती आहे. तिला तपाचं नाव दिल्याने निर्जरा होत नाही, त्रास मात्र वाढतो. पाणी कमी झालं की लघवी गडद होते, मूत्राशयाची चुरचुर होते, जंतुसंसर्गाला वाव मिळतो. बद्धकोष्ठ होतं, कुंथावं लागतं, आणि कुंथण्याने तीच झोळी आणखी ताणली जाते. म्हणजे ज्यासाठी पाणी सोडलं तेच वाढवून घेतलं. सम्मेद शिखरजीची वंदना सत्तावीस किलोमीटरची. पर्वतावर घाण करायची नाही ही आपली भावना योग्यच आहे, पण त्यासाठी आदल्या दुपारपासून कोरड्या राहून चढणाऱ्या आणि वाटेत चक्कर येऊन बसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. रात्री पाणी वर्ज्य असणाऱ्या आपण दिवसभर विसरतो आणि सूर्यास्ताच्या आधी घाईघाईने दोन तांबे रिचवतो. मग रात्रभर उठाबशा. तेच पाणी सकाळपासून थोडं थोडं घेतलं तर नियमही पाळला जातो आणि मूत्राशयही शांत राहतं.

चौथं वाक्य: "मला आता सोवळ्यात जमत नाही."

या एका वाक्यापायी किती जणींनी चौक्यात पाऊल टाकणं सोडलं असेल! माताजींना आहार देण्याची मनापासून इच्छा असणारी बाई उंबऱ्याबाहेर उभी राहून भांडी पुसते. कपडा खराब झाला तर अंग धुवायचं, शुद्ध कपडा नेसायचा आणि यायचं. शंका असेल तर माताजींनाच विचारा, त्या लाजत नाहीत, आपणच लाजतो. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात पाच समित्या सांगितल्या आहेत. त्यातली शेवटची उत्सर्ग समिती मलमूत्र कुठे आणि कशा काळजीने टाकावं याचीच आहे. ज्या आचार्यांनी चालणं, बोलणं, आहार यांच्या ओळीत लघवीलाही जागा दिली, त्यांच्या श्राविका लघवी शब्द उच्चारताना खाली बघतात! आणि दशलक्षण पर्वात उत्तम शौच धर्माच्या दिवशी काय ऐकतो आपण? लोभ सुटणं म्हणजे शौच. त्यात परकराचा उल्लेख मला कधी सापडला नाही.

पाचवं वाक्य: "पिशवी काढून टाक, सगळे त्रास जातात."

हे तर घातक आहे. आपल्या बोलण्यात गर्भाशय म्हणजेही पिशवी आणि लघवीचीही पिशवीच. म्हणून घोटाळा होतो. गर्भपिशवी काढणं हा लघवी गळण्यावरचा इलाज नाही, उलट काही जणींना त्यानंतर हा त्रास वाढतो. अंग बाहेर येत असेल, गाठ असेल, तर डॉक्टर काय ते ठरवतील. पण "खोकल्यावर लघवी होते" एवढ्यावर कुणी पिशवी काढायला सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सही करू नका.

सहावं वाक्य खुद्द एका डॉक्टरांनी मला ऐकवलं: "काकू, या वयात एवढं चालायचंच. पॅड लावा." तपासलं नाही, विचारलं नाही. मी उठले आणि दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी लघवी आणि साखर तपासली, कधी गळते ते नीट विचारलं. खोकल्या-शिंकल्यावर गळणं हा एक प्रकार. एकदम जोराची लागते आणि कुलूप उघडेपर्यंत होऊन जाते, हा दुसरा. काहींना दोन्ही असतं. दुसऱ्या प्रकारात चहा-कॉफी कमी करणं, दर वेळी थोडं थांबून दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवणं आणि लागलं तर गोळ्या, असा इलाज असतो. पहिल्यात मुख्य इलाज व्यायाम. मला पहिला प्रकार होता, म्हणून त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

हा व्यायाम काही नवा नाही. अमेरिकेतले डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी तो 1948 मध्ये मांडला, म्हणून त्यांच्या नावाने ओळखला जातो. योगातल्या मूलबंधाशी त्याचं जवळचं नातं आहे. वायू आणि लघवी दोन्ही एकदम रोखतोय अशा रीतीने आतल्या आत, वरच्या दिशेने आवळायचं. श्वास रोखायचा नाही, पोट, मांड्या, कुल्ले घट्ट करायचे नाहीत. सुरुवातीला दोन-तीन सेकंद, हळूहळू दहापर्यंत. मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. शिंक येतेय असं वाटलं की शिंकण्याआधीच आवळायची सवय लावायची. लघवी चालू असताना मध्येच थांबवून सराव करू नका. आणि एकदा तरी जाणकार बाईंकडून तपासून घ्या, कारण पुष्कळ जणी आवळण्याऐवजी खाली जोर देतात, त्याने नुकसानच होतं.

मी बी.कॉम. आहे, हिशोब केल्याशिवाय मला पटत नाही. आठ वेळा दहा सेकंद आवळणं आणि दहा सेकंद सोडणं म्हणजे तीन मिनिटांच्या आत. दिवसातून तीनदा, म्हणजे आठ मिनिटं. नव्वद दिवसांचे सातशे वीस मिनिटं, म्हणजे बारा तास. आता दुसरी बाजू. दिवसाला दोन पॅड धरले तर वर्षाला 730 आणि तीस वर्षांत 21,900. पैशांचं सोडा, एवढा कचरा कुठे जातो याचा विचार अहिंसा मानणाऱ्यांनी तरी करायला हवा. बारा तासांनंतरही व्यायाम चालू ठेवावा लागतो, हे खरं. सगळ्याच जणी पूर्ण कोरड्या होतात असंही नाही. मलाही जोराचा खोकला झाला की अजून कधीतरी थेंब जातो. पण दाराजवळची जागा मी सोडली आहे. व्यायामाने भागलं नाही तर आत बसवायची रिंग आहे, शस्त्रक्रिया आहे. वजन जास्त असेल तर थोडं उतरवल्यानेही फरक पडतो. पॅड वापरणं वाईट नाही, प्रवासाला जरूर वापरा, फक्त पाळीचे न घेता लघवीसाठीचे घ्या. ते लवकर शोषतात. पण तो आधार आहे, त्याला इलाज समजू नका.

लघवीत रक्त दिसलं, दुखलं, ताप आला, सतत थेंब थेंब गळत राहिलं किंवा मांड्यांमध्ये बधिरपणा वाटला तर व्यायामावर वेळ न घालवता लगेच डॉक्टर गाठा.

आता शेवटचं, आणि हे आपण सासवांनी ऐकायचं आहे. सून बाळंत झाली की आपण काय काय करतो? डिंकाचे लाडू, अळीव, शेक-शेगडी, तेल लावायला बाई, पोटाला पट्टा. त्या पट्ट्याने कमरेला आधार मिळतो, खालच्या झोळीला बळ मिळत नाही. बाळाच्या टाळूला तेल किती घालायचं यावर चर्चा होते, आईला कुणी विचारत नाही, "खोकल्यावर लघवी होते का गं?" फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर या स्नायूंच्या व्यायामाच्या बैठकांचा खर्च सरकारी आरोग्य विमा देतो. आपल्याकडे तो खर्च सासूने द्यावा. बाळंतविड्यात चांदीचा वाळा थोडा हलका घ्या आणि फिजिओथेरपिस्टच्या चार भेटींची फी घाला. वाळा सहा महिन्यांत लहान होतो.

महिला मंडळाच्या भगिनींनाही विनंती आहे. येत्या चातुर्मासात रांगोळी आणि पाककृती स्पर्धा जरूर घ्या, पण एक दुपार या विषयासाठी काढा. एखाद्या डॉक्टरबाईंना आणि फिजिओथेरपिस्टला बोलवा, पुरुषांना बाहेर ठेवा, प्रश्न चिठ्ठीवर नाव न घालता लिहून घ्या. आणि विश्वस्तांना सांगा की मंदिराच्या आवारातल्या बायकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली कुणाच्या तरी खिशात राहता कामा नये. ते उघडं आणि स्वच्छ असेल तर निम्म्या जणी पाणी पिऊन प्रवचनाला येतील.

आज रात्री झोपण्यापूर्वी आठ वेळा आवळून बघा. आणि उद्या सुनेला, मुलीला किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या शेजारणीला विचारा. शब्द लघवी हाच वापरा.

जय जिनेंद्र.