आधी खेळू द्या, मग तारीख सांगा
नॉडिंग हेड्स गेम्स, पुणे यांना खुले पत्र



मी जयपूरला राहतो. आमेरच्या किल्ल्यातल्या जाळ्या, छत्र्या, भिंतीबाहेर झुकलेले झरोके हे इथलं रोजचं बघणं. तुमच्या ‘राजी’ या खेळाची नायिका त्रिशूळ घेऊन भिंतीवरून धावते, खांबाभोवती गिरकी घेत पलीकडच्या सज्ज्यावर उतरते, तेव्हा तो दगड ओळखीचा वाटतो. पुण्यात बसून कोणी हे एवढ्या जिव्हाळ्याने घडवलं याचा मला अभिमान आहे. म्हणूनच एक आग्रहाची विनंती करतो. यापुढे जो खेळ जाहीर कराल, तो तुमच्याच जुन्या रीतीने करा.

2017 साली तुम्ही किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, तेव्हा सोबत खेळता येणारा डेमो होता. खेळून बघा, पटलं तर मदत करा, इतका सरळ व्यवहार. ठरलेली रक्कम जमली नाही, तरी लवकर दाखवण्याचा तुमचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. लहान स्टुडिओने तोंड मिटून बसायचं ठरवलं, तर पगाराचे पैसे कुठून आणायचे? प्रकाशक मिळवायलाही काहीतरी दाखवावंच लागतं. पुढे 18 ऑगस्ट 2020 ला निन्टेंडोच्या कार्यक्रमात ‘राजी’ झळकली आणि त्याच दिवशी त्यांच्या स्विच कन्सोलवर विक्रीला आली. तो कार्यक्रम बघणाऱ्याला वाट बघावीच लागली नाही.

त्याच वर्षी उलटंही घडलं. 2 सप्टेंबरला पबजी मोबाइलवर बंदी आली आणि 4 तारखेला अक्षय कुमारने ‘फौजी’ या खेळाची घोषणा केली. पबजी गेल्याने हळहळणाऱ्या पोरांनी त्यात पबजीच पाहिला. 26 जानेवारी 2021 ला खेळ आला, तेव्हा त्यात गलवानच्या प्रसंगावरची एकट्याने खेळायची मोहीम होती. मित्रांबरोबर खेळायची सोय नव्हती. बनवणाऱ्यांनी कष्ट केले नसतील असं मी म्हणणार नाही. पण घोषणेने जी अपेक्षा उभी केली, ती पुरी करणं त्या खेळाच्या आवाक्यातच नव्हतं.

मोठ्या स्टुडिओंचंही फार वेगळं नाही. ‘सायबरपंक 2077’ची घोषणा 2012 ची, खेळ आला डिसेंबर 2020 ला, आणि आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. याउलट ‘फॉलआउट 4’ जून 2015 मध्ये जाहीर झाला आणि नोव्हेंबरात लोकांच्या हातात पडला. तारखेचा काच खेळणाऱ्यापेक्षा आत काम करणाऱ्यांना जास्त बसतो. एकदा ती जाहीर झाली की रात्री जागून, शनिवार-रविवार घालवून ती गाठायची, नाहीतर पुढे ढकलून शिव्या खायच्या. माणसं थकतात आणि खेळात चुका राहतात. म्हणून खेळ दाखवायची वेळ आणि तारीख सांगायची वेळ वेगळी ठेवा. पहिली वेळ निम्माच खेळ तयार असतानाही येऊ शकते, तसं स्पष्ट सांगून. दुसरी मात्र शेवटच्या काही महिन्यांवर येऊ द्या.

आणि जाहीर करताना नुसती चकचकीत चित्रफीत नको. तिच्यातलं किती प्रत्यक्ष खेळताना दिसणार आहे, तेही सांगा. ‘राजी’ची गोष्ट ऐन रंगात येऊन अचानक थांबते, अशी तक्रार तेव्हा बऱ्याच जणांनी केली. मला ती रास्त वाटते. खेळ साधारण किती तासांचा, कथा याच भागात पुरी होते की पुढे जाणार, हे आधी कळलं असतं तर तीच चार-पाच तासांची लांबी अनेकांनी आनंदाने स्वीकारली असती.

भाषेचंही तसंच. ‘राजी’च्या सुधारित आवृत्तीत तुम्ही हिंदी आवाज आणले, ते फार छान केलंत. पुढच्या खेळात मराठी असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, आणि नसेल तर तेही सांगा. इथल्या आमच्या मराठी घरांतली मुलं शाळेत हिंदी-इंग्रजी बोलतात; मराठी खेळ येणार असेल तर तो घ्यायला आम्ही आईबाप पैसे बाजूला काढून ठेवू.

आपला,
जयपूरचा एक मराठी खेळाडू